घरच्या गाडीमागे दुसरा ट्रेलर नकोच

सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो: गाडीमागे कॅम्पर (आत झोपायची सोय असलेला ट्रेलर) लावलाच आहे, तर त्याच्यामागे बोटीचा ट्रेलरही जोडला तर चालेल का? उत्तरं येतात ती बहुतेक 'आम्ही नेतो की', 'कोणी अडवत नाही' अशी. ती वाचून मला काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरच्या मोटारीमागे एकच ट्रेलर असावा. आणि जिथे कायदा दुसऱ्याला मुभा देतो, तिथे आधी चालकाची प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घ्यावी. नुसती लांबी मोजून परवानगी देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कायद्याची स्थिती बघा. ब्रिटनमध्ये वाहनांच्या बांधणी आणि वापराबद्दलचे १९८६ चे नियम आहेत, त्यांनुसार मोटारीमागे एकच ट्रेलर. (बंद पडलेली गाडी ओढून नेण्याच्या साधनाचा अपवाद आहे, तो इथे गैरलागू.) जर्मनीतही मोटारीमागे एकच, दोन ओढायची मुभा आहे ती ट्रॅक्टरसारख्या, मुळात ओढण्यासाठीच बांधलेल्या वाहनांना. अमेरिकेत मात्र हा विषय ज्या त्या राज्याच्या हातात. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत मनाई, मधल्या आणि पश्चिमेच्या बऱ्याच राज्यांत मुभा, आणि अटी प्रत्येकाच्या निराळ्या. कुठे एकूण लांबी बघतात, कुठे पहिल्या ट्रेलरचा प्रकार, कुठे लायसन्सवर वेगळी नोंद लागते. म्हणजे सकाळी नियमात बसणारं कुटुंब दुपारी हद्द ओलांडली की गुन्हेगार. गाडी तीच, वजन तेच, चालवणारा माणूसही तोच. मग धोका हद्दीवर बदलला का?

कॅलिफोर्नियाचा नियम मला त्यातल्या त्यात विचारपूर्वक केलेला वाटतो. प्रवासी मोटार कितीही वजनाची असो, तिने एकापेक्षा जास्त वाहन ओढायचं नाही. दुसरी कुठलीही गाडी रिकामी असताना ४,००० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १,८०० किलोपेक्षा हलकी असेल, तर तिलाही हीच मनाई. 'कितीही वजनाची असो' हे महत्त्वाचं आहे. कारण आजची मोठी एसयूव्ही तीन-साडेतीन टन सहज ओढते, चढावरही तिला दम लागत नाही, आणि माणूस नेमका तिथेच फसतो. ओढायला इंजिन पुरतं. अडचण येते थांबवताना आणि सरळ ठेवताना.

हे नीट समजून घ्या. मोटारीची हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, मागच्या चाकांच्याही बरीच मागे असते. ट्रेलर आडवा हलला की तो त्या लांबलेल्या टोकाला धरून अख्खी गाडी वळवू बघतो. हे टाळायला ट्रेलरच्या नाकाचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, वजन हिचवर पुरेसं पडावं लागतं. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. आता त्याच ट्रेलरच्या शेपटाला दुसरा ट्रेलर अडकवा. शेपूट खाली दबलं की सीसॉच्या फळीसारखं नाक वर उचललं जातं. समजा कॅम्पर १,५०० किलोचा आहे आणि नाकावर १५० किलो पडतात. त्याच्या चाकांपासून पुढची हिच चार मीटरवर आणि मागची जोडणी तीन मीटरवर धरू. मागच्या बोटीच्या ट्रेलरने तिथे फक्त ५० किलो टाकले तरी पुढचे १५० घसरून ११२ वर येतात. दहा टक्क्यांचे साडेसात झाले. वजन वाढलं, गाडी लांबली, आणि जे वजन तिला सरळ ठेवत होतं तेच कमी झालं. परवानगीचे फॉर्म लांबी विचारतात, पण हे कुठे विचारतात?

त्यातून हेलकावा मागे मागे वाढत जातो. लेन बदलताना तुम्ही स्टिअरिंग थोडंसंच फिरवता, पहिला ट्रेलर जरा जास्त हलतो, दुसरा त्याहूनही जास्त. पुढे बसलेल्याला याचा पत्ता लागेपर्यंत शेवटचा ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये डोकावून आलेला असतो. अशा वेळी पाय आपसूक ब्रेकवर जातो, आणि तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते हाताने लावायचे. पण मागच्या ट्रेलरला ब्रेकच नसले तर? मग तो पुढच्याला ढकलतच राहतो.

एका हायवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर अशी जोडणी मी अगदी वाकून पाहिली आहे. कॅम्परच्या मागच्या बंपरला पट्ट्यांनी आवळलेली हिच. हा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी. पुष्कळ कॅम्परमध्ये तिच्या आत सांडपाण्याचा पाइप ठेवतात. तिच्यावरच स्टेपनी लटकवलेली, आणि तिलाच बोट. वेल्डिंगच्या कडेने रंग तडकून गंजाची बारीक रेघ आली होती. सुरक्षेच्या साखळीच्या खालच्या कड्या रस्त्यावर घासून एका बाजूने सपाट झाल्या होत्या. दिव्यांची वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली. मुलं मागच्या सीटवर झोपलेली होती. त्या गृहस्थांना मी बंपर दाखवला, तर ते म्हणाले, "बोट हलकी आहे हो." बोट हलकी असेलही, पण ती नळी ओढण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

'ट्रक दोन-दोन, तीन-तीन ट्रेलर ओढतातच ना' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. ऑस्ट्रेलियात ५३.५ मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारे ट्रक, धावतात, खरं आहे. पण तिथे प्रत्येक ट्रेलरला स्वतःचे एअर ब्रेक असतात, चालकाकडे वेगळ्या वर्गाचं लायसन्स असतं आणि रस्तेही ठरवून दिलेले असतात. तो माणूस हे काम रोज करतो. आपण वर्षातून कधीतरी सुट्टीला निघतो, तेही रात्री उशिरापर्यंत सामान भरून, अर्धवट झोपेत.

एक अपवाद मी मानते. पहिला ट्रेलर पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या डोक्यावर बसणाऱ्या जोडणीचा असेल, तर मागे लोंबणारं ते टोकच उरत नाही आणि गाडी बरीच स्थिर राहते. मिशिगनने मुभा दिली आहे ती याच रचनेला, आणि लायसन्सवर 'आर' ही नोंद घेण्यासाठी लेखी परीक्षा ठेवली आहे. दिशा बरोबर आहे. मी त्यात रिव्हर्स आणि अचानक थांबणंही प्रत्यक्ष करून दाखवायला लावीन. दोन सांध्यांची गाडी मागे घेणं जवळपास अशक्य असतं. चुकून बंद गल्लीत शिरलात तर रहदारी अडवून दोन्ही ट्रेलर सोडवावे लागतात. उलट ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीमागे ट्रेलर ओढण्याची वेगळी परीक्षाच काढून टाकली. तिथे ट्रेलर एकच असतो हे खरं, तरीही मला ते पटलेलं नाही.

विम्याचं थोडक्यात: गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची जी मर्यादा दिलेली असते, ती मागे जे काही जोडाल त्या सगळ्याच्या भरलेल्या वजनाला मिळून असते. ती ओलांडून अपघात झाला तर भरपाई नाकारायला विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

कॅम्पर आणि बोट दोन्ही सोबत न्यायची हौस मला कळते. वर्षभर राबून हाती लागलेली सुट्टी असते, मुलांनाही पाण्यात उतरायचं असतं. पण त्याला दुसरे रस्ते आहेत. हवा भरायची बोट गाडीच्या टपावर मावते. तळ्याकाठी बऱ्याच ठिकाणी बोट भाड्याने मिळते. आणि घरात गाडी चालवणारं आणखी कोणी असेल, तर बोट त्याच्या गाडीमागे लावा. इंधन जास्त लागेल, पण प्रत्येक गाडीमागे एकच ट्रेलर राहील.