वीस सेकंद हलू नका

मुंबईच्या माणसाला वीस सेकंद म्हणजे किती, हे घड्याळात बघून सांगावं लागत नाही. संध्याकाळी दादरला लोकल साधारण तेवढीच थांबते. तेवढ्यात अर्धा डबा उतरतो, दुसरा अर्धा चढतो, एक भांडण सुरू होऊन संपतं आणि कोणाची तरी एक चप्पल फलाटावर राहते. त्याच वीस सेकंदांत अंधारात काहीही न करता, पायसुद्धा न हलवता उभं राहायचं असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या मेहुण्याने शिकवलं.

मेहुण्याला रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. दिवाळीत त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना "भाऊजी, तुम्हीच वापरा" म्हणून माझ्या गळ्यात घातला. पहिला प्रयोग मी भांडुपला आमच्या गच्चीवर केला. पाण्याच्या टाकीशेजारी ट्रायपॉड लावला, वीस सेकंद मोजले आणि जो फोटो आला त्याला आकाश म्हणण्यापेक्षा आमरसाची वाटी म्हणणं बरं. त्यात सात ठिपके दिसले. मेहुण्याने ते मोठे करून पाहिले आणि त्यातले दोन पलीकडच्या टॉवरवरच्या क्रेनचे निघाले. आकाश किती काळं आहे हे सांगायला बोर्टल नावाची मोजपट्टी असते म्हणे, एक ते नऊ. एक म्हणजे मिट्ट काळोख. नऊ म्हणजे आपण.

"सह्याद्रीत जाऊ," तो म्हणाला.

पण कधी? आकाशगंगेचा फोटोत शोभणारा जाडजूड भाग वृश्चिक आणि धनू राशींकडे असतो. तो आपल्याकडे जरा सोयीच्या वेळी वर येतो एप्रिल-मेमध्ये, आणि जूनमध्ये पाऊस सगळ्यावर पडदा टाकतो. त्यात चंद्र असून चालत नाही. म्हणजे वर्षाला दोन अमावास्या हातात, आणि त्यातली एक शनिवारी यायला हवी, कारण रजा. ती आली. मी खुशीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. आईने चष्मा लावून गोल वाचला.

"वैशाख अमावास्या. शनिवार. वर शनी जयंती," ती म्हणाली. "आणि तू डोंगरात."

"चंद्र नको असतो गं फोटोला."

"मेल्या, ज्याला चंद्र नको असतो, तो माणूस नव्हे."

तरीही तिने डबा करून दिला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. तळलेलं घेऊन रात्री बाहेर पडायचं म्हणून सोबत कोळशाचा तुकडा, माझ्याच रुमालात बांधून. (गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला भांडुपमध्ये कोळसा कुठे मिळतो? इस्त्रीवाल्याकडे.) शिवाय कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, मला न सांगता, एक लिंबू.

ठाण्याहून कसारा लोकल धरली. ट्रायपॉड दोन पायांमध्ये उभा धरला होता, टिटवाळा येईपर्यंत त्याला कोणीतरी भाजीची पिशवी अडकवली होती. समोरच्या काकांनी चौकशी केली, "लग्नाचं शूटिंग?" म्हटलं, "नाही, ताऱ्यांचं." त्यांनी अदबीने विचारलं, "कुठल्या सिरीयलमधल्या?"

कसाऱ्याहून जीप, घोटी, भंडारदरा आणि मग साम्रद. सांदण दरीमुळे आता पुष्कळांना माहीत असलेलं गाव. आग्नेयेला रतनगड, आणि आकाशगंगा बरोबर त्याच बाजूने वर येते. ज्यांच्याकडे उतरलो त्या मामांनी पिठलं-भाकरी वाढली आणि आम्ही आभाळ बघायला आलोय हे कळल्यावर एकदा वर पाहून घेतलं, नवीन काही आलंय का म्हणून.

एकच अडचण होती. एवढ्या लांब काळोख मिळावा म्हणून आलो, तर देवळासमोर नवाकोरा सोलर दिवा. "हा जरा बंद करता येईल?" मेहुण्याने विचारलं. मामा म्हणाले, "त्याला बटनच न्हाई. अंधार पडला का आपला आपण लागतो." तेव्हा गावाबाहेर कातळावर जाऊन बसलो.

अकराच्या सुमारास रतनगडाच्या खुट्ट्याच्या, म्हणजे गडाशेजारच्या सुळक्याच्या वर पांढुरकं काहीतरी दिसायला लागलं.

"ढग आले बहुतेक," मी म्हणालो.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "हीच ती."

मग मी थोडा वेळ काही बोललो नाही. विंचवाची नांगी वळलेली स्पष्ट दिसत होती, मध्ये ज्येष्ठा तारा तांबूस, आणि त्याच्या शेजारून तो पट्टा, मध्ये मध्ये काळ्या भेगा पडलेला, कोणी पीठ सांडून त्यातून बोट फिरवावं तसा. हजारो वर्षं चालत आलेला उजेड. मी नीट बघायला पुढे वाकलो आणि माझ्या कोपराने लेन्सची रिंग हलवली.

"भाऊजी, हात लावू नका!"

फोकस हा या धंद्यातला सगळ्यात मोठा छळ. लेन्सवर अनंताची खूण असते, पण अनंत तिथे नसतं, जरा अलीकडे-पलीकडे असतं. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग केसभर-केसभर फिरवायची. मी पाच मिनिटं खपून एक तारा असा टिपला. मग तो लुकलुकत मुंबईला उतरायला गेला.

वीस सेकंदच का, याचाही हिशेब आहे. पृथ्वी फिरते, तासाला पंधरा अंश. वीस सेकंदांत आकाश जेमतेम चंद्राच्या रुंदीच्या सहाव्या भागाइतकं सरकतं, पण तेवढ्यानेही ताऱ्याची अळी होऊ शकते. म्हणून पाचशेला लेन्सच्या फोकल लेन्थने, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने भागायचं. आमची लेन्स अठराची आणि कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, लहान, म्हणून अठराला आधी दीडने गुणा, सत्तावीस, त्याने पाचशेला भागा. उत्तर साडेअठरा. कॅमेऱ्यात साडेअठरा नाहीच. पंधरा घ्या नाहीतर वीस. या सगळ्या गणितानंतर घासाघीस करून वीसवर आलो, भाजीवाल्याकडे येतो तसे.

बरं, वीस सेकंद संपले की संपलं असंही नाही. फोटोतले खोटे ठिपके काढण्यासाठी कॅमेरा स्वतःशीच आणखी वीस सेकंद एक पूर्ण काळा फोटो काढत बसतो, आणि तोवर हूं की चूं करत नाही. पूर्वी मेहुण्याने एकदा अर्ध्या तासाचा फोटो घेतला होता, तेव्हा कॅमेऱ्याने पुढचा अर्धा तास मागितला आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला बॅटरी गेली. हे सांगताना अजून त्याचा आवाज बदलतो.

तर चाळीस सेकंद काहीही करायचं नाही. बटण दाबायचं आणि उभं राहायचं. मला हे जमेना. चौथ्या सेकंदाला माझा हात मोबाइलकडे जायचा, नवव्याला ट्रायपॉडकडे. मुंबईत इतका वेळ स्वस्थ उभा राहिलो असतो, तर मागच्याने धक्का मारून विचारलं असतं, "उतरायचंय का?" माझी चुळबुळ थांबावी म्हणून मेहुणा हळू आवाजात सेकंद मोजायला लागला. एक... दोन... तीन... मीही त्याच्यात सूर मिसळला.

मधेच सगळे तारे धुरकट यायला लागले. लेन्सवर काहीतरी होतं. अंधारात बॅग चाचपडत सगळं कातळावर काढलं, डबा, बॅटऱ्या, लिंबू घरंगळत बाजूला गेलं, शेवटी रुमाल सापडला. त्याने लेन्स पुसली, घाम आला होता म्हणून कपाळही पुसलं. रुमाल कोणता, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

आता लांबून हे दृश्य कसं दिसत असेल? शनी अमावास्येची मध्यरात्र. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडते आणि पुन्हा लागायला वीस-तीस मिनिटं जातात, म्हणून दोघांच्या कपाळावर लाल दिवे. मधे तीन पायांचं काहीतरी. पुढ्यात लिंबू. एकाचं तोंड काळं. आणि दोघे एका सुरात काहीतरी पुटपुटतायत.

"कोन हाय रं तिकडं?"

सात-आठ बॅटऱ्या एकदम तोंडावर आल्या. बॅटऱ्यांच्या मागे काठ्या होत्या. मेहुणा ओरडला, "उजेड नको, अजून सहा सेकंद आहेत!" हे त्या वेळी बोलायचं वाक्य नव्हतं.

"गुप्तधनवाले हायेत," एकजण म्हणाला. "मागं बी आलते. शहरातलेच असतेत."

"लिंबू कशापाई?"

"सरबत," मी म्हणालो.

"आन् कोळसा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेहुण्याने बाजू सावरायची म्हणून कायदा काढला, "काका, जादूटोणाविरोधी कायदा आहे २०१३चा, आम्ही असलं काही करत नाही."

"ठावं हाय कायदा," काका म्हणाले. "म्हनून तर आलोय."

तेवढ्यात मामा धापा टाकत आले, "आरं पाव्हणं हायेत माझं!" मेहुण्याने कॅमेऱ्याची पाठ त्यांच्यापुढे धरली. सगळी डोकी त्या चिमुकल्या पडद्यावर वाकली. काठ्या काखेत गेल्या. "ह्यो आपला खुट्टा. आन् ह्ये वरचं इतकं दिसतं व्हय?" मग पडद्यावरून नजरा वर, पुन्हा पडद्यावर. मग जे होणारच होतं ते झालं. आमचा बी काढा.

गलका ऐकून अंगणात निजलेली आणखी माणसं आली, एक आजी काठी टेकत आली. रतनगड पाठीशी धरून सगळ्यांना उभं केलं, आजीला दगडावर बसवलं, मामांनी बॅटरीचा झोत सगळ्यांवरून हळूहळू फिरवायचा असं ठरलं. मेहुणा ओरडला, "वीस सेकंद हलू नका!" आठव्या सेकंदाला एकाने तंबाखू मळायला घेतली, दहाव्याला दुसऱ्याने मागितली. एक पोरगा या टोकाहून त्या टोकाला पळाला. दोघांचं भांडण सुरू होऊन संपलं. दादरला असल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर आईला मोठ्या हौसेने तो फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा केला. काळंभोर आकाश, आकाशगंगा आडवी पसरलेली, दगडावर आजी, सुरकुत्या मोजाव्यात इतकी स्पष्ट. आणि तिच्या भोवती दहा-बारा पांढुरके आकार. कोणाच्या छातीतून तारे दिसतायत, कोणाला कमरेच्या वर काही नाही, आणि एक पोरगा दोन्ही टोकांना.

"ही कोण?"

"तिथली आजी."

"ती दिसतेय मला. तिच्या मागचे?"

मी तिला शटर, सेकंद, हलणारी माणसं असं सगळं समजावत होतो. ती ऐकता ऐकताच आत गेली आणि मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आली.

"पूर्वेकडे तोंड करून बस," ती म्हणाली. "आणि हलू नकोस."

बसलो. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत.