उत्तर: ‘कॉम्प्रेशन चेक करून पैसे घेतले, गाडी तशीच परत दिली’

दादा, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी तीन: चेकिंगचे २५०० रुपये घेतले आणि गाडी तशीच परत दिली, चार नंबरच्या सिलिंडरची नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग) बदलली असती तर काम झालं असतं, आणि दुसऱ्या मिस्त्रीने ‘रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्यात, फुल इंजिन काढा’ असं सरळ सांगितलं, तसं आम्ही काही ठाम सांगितलं नाही. तिन्हींचं उत्तर देतो. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनचे (सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन) ट्रक आपल्याकडे अजून चालतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी आली तेव्हा सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, गरम होईपर्यंत पांढरा धूर, आणि चिरे भरून आंबा घाट चढताना ओढ कमी. पहिलं काम नोझलचंच केलं. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला केला. बाकी पाचांना इंजिनची चाल लगेच मंदावायची, चारला जेमतेम फरक पडला, धूर मात्र कमी झाला. म्हणजे चारमध्ये डिझेल जात होतं पण नीट जळत नव्हतं. नोझल टेस्टरवर लावली: प्रेशर आणि फवारा दोन्ही ठीक, टपकत नव्हती. तरीही चारची नोझल दोनला आणि दोनची चारला लावली. दोष नोझलचा असता तर तो दोनला गेला असता. तो चारलाच राहिला. नवी नोझल घातली असती तर पैसे गेले असते आणि धूर तसाच राहिला असता.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते. या इंजिनला हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारा प्लग) नाही, त्यामुळे गेजचा अॅडॅप्टर नोझलच्या जागी बसवावा लागतो. त्याआधी थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची ठेवलेली फट) तपासले, कारण टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आकडा खोटा येतो. नंतर इंजिन गरम केलं, दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज केल्या, एअर फिल्टर बाजूला काढला, सहाही नोझल काढल्या, डिझेल बंद केलं. एकच नोझल काढून गेज लावला आणि सेल्फ ओढून ओढून फिरला, तर चांगला सिलिंडरसुद्धा कमी दाखवतो. आकडे असे आले, एक ते सहा: २३, २३, २२, १८, २३, २२ बार. सिलिंडरमधला फरक ३ बारच्या वर गेला की कारण शोधावं लागतं. इथे ५.

हा आकडा फक्त प्रेशर कमी आहे एवढं सांगतो. का कमी, ते सांगत नाही. कारणं तीन प्रकारची: हवा गळते, हवा आतच कमी येते, किंवा पिस्टन पुरता वर येत नाही. दुसऱ्या मिस्त्रीने सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आकडा वाढला, म्हणून रिंगा गेल्या असं ठरवलं, असं तुम्हीच लिहिलंय. पेट्रोल इंजिनला ही पद्धत चालते. डिझेलला फसवते. तुमच्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८ मिमी, कॉम्प्रेशन रेशो १७ ला १, म्हणजे हवा सतरा पट दाबली जाते. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ५९ मिली. त्यात १० मिली तेल ओतलं की उरली ४९, आणि रेशो झाला २० च्या वर. रिंगा नव्या कोऱ्या असल्या तरी आकडा वाढणारच. तेल जास्त पडलं तर पिस्टन अडून त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडलाच धोका, ते वेगळंच.

म्हणून आम्ही हवा भरून गळती बघितली. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४, त्यामुळे तीनचे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपला (दोन्ही थोडे उघडे) आणले की चार कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) येतो. चाकांना ओंडके, टॉप गिअर, हँडब्रेक, आणि पंख्यापासून सगळे लांब. ६ बार हवेने पिस्टनवर साडेचारशे किलोच्या आसपास जोर येतो, इंजिन फिरलं तर हात जातो. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा, ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंग-लायनर (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली नळी). चारची गळती तीन आणि पाचच्या बरोबरीची निघाली. कुठूनही वेगळा आवाज नाही.

आपल्याकडे चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीची आधी रिंगांवरच शंका घ्यावी, हे खरं आहे. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी होज फाटला की जांभ्याची धूळ सरळ आत जाते आणि लायनर खाते. पण त्यात साधारण सहाही सिलिंडर झिजतात, ब्रीदरमधून धूर मारतो, ऑइल कमी होतं. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. होजही बघितला, धड आहे.

हवा कमी येते का, हे बघायला दोन्ही व्हॉल्व्हची उचल डायल गेजने मोजली. शेजाऱ्यांइतकीच. म्हणजे कॅम आणि पुशरॉड ठीक. उरला पिस्टन. नोझलच्या भोकातून सळी घालून टीडीसीला खोली मोजली, तर चारचा पिस्टन इतरांपेक्षा सुमारे २ मिमी खाली थांबतो. भोक तिरकस असल्याने हे माप अंदाजाचं, पण हिशोब जुळतो: २ मिमी म्हणजे १५ मिली जागा जास्त, रेशो १७ वरून १४ च्या जवळ, आणि २३ चे १८ बार.

कनेक्टिंग रॉड वाकल्याचं हे लक्षण आहे. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की असं होतं, कारण पाणी दाबलं जात नाही. पावसात पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्यात गाडी घातली आणि इनटेकने पाणी ओढलं, किंवा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पुरात बुडालेली गाडी नोझल न काढता फिरवली, तर रॉड वाकूनही इंजिन चालू होतं आणि पुढे बरेच दिवस चालतं. तुमची गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाला पाण्याचं एकदा विचारा.

हेड काढायला आम्ही परवानगी मागितली, तुम्ही नको म्हणालात, म्हणून गाडी तशीच दिली. तुमच्या होकाराशिवाय हेडला पाना लावणं आम्हाला पटत नाही. २५०० रुपये या सगळ्या तपासणीचे आणि नोझलच्या सहा नव्या कॉपर वॉशरचे आहेत. काम इथे केलंत तर ते बिलातून वजा होतील.

काम कुठेही करा, पण फुल इंजिनला हो म्हणण्याआधी हेड उतरवून सहाही पिस्टनची टीडीसीची उंची ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून डायल गेजने मोजायला सांगा, स्वतः उभे राहून बघा. चार खाली निघाला तर रॉड नवा घ्या, प्रेसवर सरळ केलेला नको. वजन बाकी पाच रॉडशी जुळवा, बोल्ट आणि बेअरिंग नवी घाला. पिस्टन तिरका चालल्याने लायनर एका बाजूला घासला असेल तर त्या सिलिंडरचा किट (लायनर, पिस्टन, रिंगा) बदलावा लागेल. सहाही रिंगा नव्या घालून तोच रॉड परत बसवला, तर मोठा खर्च होऊन सकाळचा धूर तसाच राहील, आणि लोडवर रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल. तोवर चिरे भरून घाट चढू नका.

सगळ्या आकड्यांचा कागद बिलाला जोडलेला आहे. दुसऱ्या मिस्त्रीला तो दाखवा. त्यांना शंका असेल तर त्यांना घेऊन या, त्यांच्यासमोर पुन्हा मोजू, त्याचे पैसे लागणार नाहीत.