1984 ची फायनल मारामारीने जिंकली? प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की 1984 च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनलमध्ये, म्हणजे सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत, बोस्टन सेल्टिक्सने लॉस एंजेलिस लेकर्सना दांडगाईने हरवलं; चौथ्या सामन्यात बोस्टनच्या केविन मॅकहेलने लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला मानेला धरून आडवं केलं तिथेच मालिका फिरली, आणि मी मात्र माझ्या पोस्टमध्ये तो प्रसंग एका ओळीत उरकला.

एका ओळीत उरकला, हे खरं, आणि मुद्दामच. तो फाउल घाणेरडाच होता. आजच्या नियमांत मॅकहेल थेट ड्रेसिंग रूममध्ये गेला असता. तेव्हा तो खेळत राहिला. पण त्या फाउलनंतरही शेवटचं मिनिट उरलं असताना लेकर्स पाच गुणांनी पुढे होते! घाबरलेला संघ असा खेळतो का? पुढे बोस्टनच्या रॉबर्ट पॅरिशने लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनचा पास हिसकावला, सामना ओव्हरटाइममध्ये गेला, आणि तिथे बरोबरी असताना मॅजिकने दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता मारायचे फटके) घालवले. फ्री थ्रोच्या रेषेवर मॅजिकला कुणी धक्का मारत नव्हतं. बोस्टन 129-125 ने जिंकलं. बोस्टनच्या लॅरी बर्डचे त्या रात्री 29 गुण आणि 21 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणं). या 21 बद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

खरं तर मालिका त्याआधीच, दुसऱ्या सामन्यात निसटायला लागली होती. पहिला सामना लेकर्सनी बोस्टनमध्येच जिंकलेला. दुसऱ्यात ते 113-111 ने पुढे, वीसेक सेकंद बाकी, आणि खुद्द मॅकहेलने दोन फ्री थ्रो चुकवलेले. चेंडू लेकर्सकडे. फक्त सांभाळायचा होता. लेकर्सच्या जेम्स वर्दीने कोर्टच्या आडवा एक सुस्त पास टाकला, बोस्टनच्या जेराल्ड हेंडरसनने मध्येच झडप घालून चेंडू बास्केटमध्ये टाकला. बरोबरी. मग मॅजिक चेंडूला टप्पे देत बसला आणि शॉट न घेताच वेळ संपली. ओव्हरटाइममध्ये बोस्टन 124-121. तिसरा सामना लेकर्सनी 137-104 असा धुऊन काढला, म्हणजे तो एक पास नीट गेला असता तर बोस्टन 0-3 वर असतं. मग मॅकहेल काय करणार होता?

सातव्या सामन्यातल्या रेफ्रींबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात तथ्य आहे. बोस्टनला 51 फ्री थ्रो आणि लेकर्सना 28, ही तफावत डोळ्यांत खुपतेच. पण त्याच सामन्यात रिबाउंड 52-33 होते. रिबाउंड रेफ्री देत नाही. बास्केटखाली जागा अडवून, कोपर सोसून तो मिळवावा लागतो. बोस्टनचा सेड्रिक मॅक्सवेल त्या रात्री 24 गुण करून गेला तो असाच आत घुसून घुसून. शिवाय चौथ्या सामन्यापासून बोस्टनने मॅजिकला अडवायला डेनिस जॉन्सनला सोडलं, आणि तिसऱ्या सामन्यात 21 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) देणारा माणूस पुढे तितका मोकळा कधी सुटला नाही. या बदलाला दांडगाई म्हणायचं असेल तर म्हणा. मी डोकं म्हणेन.

पाचव्या सामन्यात बोस्टन गार्डनमध्ये, म्हणजे सेल्टिक्सच्या घरच्या मैदानात, एसी नव्हता आणि आत 97 अंश फॅरनहाइट (सुमारे 36 सेल्सिअस) उकाडा होता, ही तक्रारही जुनीच. लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारला बाकावर ऑक्सिजन घ्यावा लागला. पण बर्डने त्याच भट्टीत 34 गुण केले, आणि त्यानंतर लेकर्स घरी परतून सहावा सामना 119-108 ने जिंकले. त्यांचं खच्चीकरण झालेलं नव्हतं.

तेव्हा पोस्टमधली ती ओळ आहे तशीच राहील. वर्दीच्या पासवर मात्र अजून एक परिच्छेद घालतो.