कान परत मिळवून देणारी सिरीयल? ताई, शेवटपर्यंत बघा की!

ताई, तुमची कमेंट परवाच वाचली पण दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हती म्हणून थांबले. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते, 'ट्विंकलिंग वॉटरमेलन' या कोरियन सिरीयलवर मी जे भरभरून लिहिलं होतं त्यावर ताईंचं म्हणणं असं की, एक, हिरो टाईम ट्रॅव्हल करून बापाचं बहिरेपण टाळायला निघतो म्हणजे कर्णबधिर असणं ही पुसून टाकायची चूक आहे असंच ही सिरीयल म्हणते, दोन, कर्णबधिर पात्रं ऐकू येणाऱ्या नटांनीच केलीत, 'खामोशी'त 1996 ला नाना पाटेकर आणि सीमा बिस्वासच्या वेळी जे होतं तेच अजून चालूये, आणि तीन, आपण सगळे रडलो आणि त्या रडण्यातच खूश झालो. ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात आणि चार एपिसोड बघून त्यांनी सोडून दिली. (पुढे स्पॉयलर्स आहेत, ज्यांना बघायचीये त्यांनी इथेच थांबा.)

पहिल्या मुद्द्यावर मी अजिबात सहमत नाही. हिरोला जे वाटतं तेच सिरीयलचं म्हणणं असं कसं धरायचं? उन-ग्योल हा घरात एकटा ऐकणारा पोरगा, आई, बाबा, मोठा भाऊ तिघेही कर्णबधिर, कळायला लागल्यापासून हा त्यांचा दुभाषी, आणि रात्री चोरून गिटार वाजवतो कारण जे घरात कोणालाच ऐकू येणार नाही त्यात आनंद मिळतो याचीच त्याला लाज वाटते. असा पोरगा 1995 मध्ये जाऊन पडतो आणि समोर स्वतःचा बाप उभा, हायस्कूलमधला, चांगलं ऐकू येणारा, बँड काढायला निघालेला, तर तो ॲक्सिडेंट थांबवायलाच धावणार ना? अठरा वर्षांचं पोर दुसरं काय करेल. पण तुम्ही जिथे सोडलीत तिथे फक्त त्याचा प्लॅन सुरू झालाय हो. सोळा एपिसोड पळापळ करून शेवटी यी-चानचे, म्हणजे त्याच्या बापाचे, कान जातातच. आणि त्या खचलेल्या पोराला सावरायला कोण येतं तर चंग-आ, उन-ग्योलची होणारी आई, जिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि जिच्याकडे आता त्याला देण्यासारखी एक अख्खी भाषा आहे. बहिरेपण पुसायचंच असतं तर लेखिकेच्या हातात टाईम मशीन होतं की, एका सीनचं काम होतं!

आणि मला विचाराल तर या गोष्टीतली खरी शोकांतिका यी-चानची नाहीच, चंग-आची आहे. श्रीमंत घरातली मुलगी, सावत्र आई कोंडून ठेवते, तिच्याशी साईनमध्ये, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत, बोलणारं घरात कोणी नाही, स्वतःलाही साईन येत नाही. म्हणजे ऐकू न येण्याने तिचं जे झालं नसतं ते भाषाच न दिल्याने झालंय. तिला साईन शिकवतो कोण तर भविष्यातून आलेला तिचाच मुलगा, जो लहानपणी ती साईन तिच्याच हातांवर बघून शिकलेला असतो! आता ती आधी आली की तो, हे मी बरंच डोकं लावूनही सुटलं नाही, सोडून दिलं. हे तुमच्या रोजच्या कामातलं आहे ताई, ओठ वाचा, तोंडाने बोला, हात खाली ठेवा म्हणून वाढवलेली पोरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितली असतील. कोरियातही शाळांमधून बरीच वर्षं तोंडी बोलण्यावरच भर होता, कोरियन साईन लँग्वेजला कायद्याने भाषा म्हणून मान्यता मिळाली ती 2016 मध्ये. तेव्हा गोष्ट 1995 ची आहे हे नुसतं पेजर आणि कॅसेटच्या नॉस्टॅल्जियासाठी नाहीये असं मला तरी वाटतं. आपल्याकडे इंडियन साईन लँग्वेजचं सरकारी केंद्र दिल्लीत 2015 मध्ये निघालं पण राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, ती भाषा अजून नाही, त्यामुळे आपण कोरियाला फार नावं ठेवायला नकोत.

कास्टिंगचं मात्र पूर्ण पटलं. शिन उन-सूने चंग-आ काय केलीये, नुसत्या डोळ्यांवर आणि हातांवर, मी तिच्यासाठी ही सिरीयल परत बघेन. पण म्हणून प्रश्न संपत नाही. याच टीव्हीएन चॅनलवर आदल्या वर्षी, 2022 ला, 'अवर ब्लूज'मध्ये ली सो-ब्योल ही खरोखर कर्णबधिर नटी होती, म्हणजे शोधलं की सापडतात आणि प्रेक्षक पण बघतात. फक्त तो छोटा रोल होता, अख्खी सिरीयल कर्णबधिर नटीच्या खांद्यावर टाकायची हिंमत चॅनलवाल्यांना होत नाही. यात तुमचं माझं भांडण नाहीच.

रडण्याबद्दल म्हणाल तर रडू दे की लोकांना. मी बघितलंय ते असं की मराठी ग्रुपवर बहुतेक जण बाप-लेकाच्या दोस्तीवर रडत होते, आपला बाप आपल्या वयाचा असताना कसा असेल यावर, कानांवर नाही. आणि एक गंमत सांगते, आपण इंग्रजी सबटायटल्सवर बघणारे, आपल्याला बोललेलं कोरियन पण वाचावं लागतं आणि साईन पण वाचावी लागते, त्यामुळे दोन्ही सारखंच परकं आणि सारखंच जवळचं. सोलमध्ये चहा करता करता कानाने सिरीयल ऐकणाऱ्या बाईला चंग-आच्या सीनला मान वर करावी लागत असणार, आपली मान आधीपासूनच वर.

तुम्ही ज्यावर चिडायला हवं होतं ते तुम्ही बघितलंच नाही, शेवट. उन-ग्योल परत येतो तर घर एकदम श्रीमंत, मोठा बंगला वगैरे. कान नाही दिले म्हणून पैसे दिले काय? आधीचं साधं घर, जिथे चौघं हातांनी भांडायचे आणि हातांनी हसायचे, ते काय वाईट होतं? मला तिथे जाम राग आला आणि हे मी मूळ पोस्टमध्ये पण लिहिलंय, शेवटून दुसऱ्या पॅरात.

शेवटी तुम्ही विचारलंत की वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवू का. दाखवा, पण सुरुवात पहिल्या एपिसोडपासून करू नका, चंग-आ साईन शिकते तिथले सीन आधी काढा. इंग्रजी वाचता येणारी पोरं किती आहेत ते बघून घ्या, नाहीतर तुम्हालाच बाजूला उभं राहून सगळं साईनमध्ये सांगावं लागेल. आणि आधीच सांगून ठेवा की ही कोरियन साईन आहे, आपली नाही, आपल्याकडे अक्षरं दोन हातांनी करायची सवय आणि ते एकाच हाताने करतात, नाहीतर अर्धा तास पोरं तेवढ्यावरच चर्चा करत बसतील.