एचएसपी-९० नुसतं दुरुस्तीवालं नाही

हीट शॉक प्रोटीन्सवरचा तुमचा लेख आवडला, पण ही प्रोटीन्स म्हणजे ताप आला की बिघडलेली प्रोटीन्स सरळ करणारी, एवढंच त्यात आलंय आणि रक्तवाहिन्यांचा भाग राहूनच गेला म्हणून लिहितोय. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम, तिथे एचएसपी-९०, म्हणजे याच हीट शॉक प्रोटीन्सपैकी एक, ताप असो नसो रोज कामावर असतं. रक्त वाहताना या पेशींना घासून जातं ना, तेव्हा हे प्रोटीन ईनॉस नावाच्या एन्झाइमला चिकटतं, मग ते एन्झाइम जोरात नायट्रिक ऑक्साइड बनवतं, तो वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो आणि वाहिनी सैल पडते. हे दाखवलं गेलं १९९८ मध्ये, आणि नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो, मुराद यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी! जेल्डानामायसिन नावाचं रसायन देऊन एचएसपी-९० अडवलं तर वाहिनी नीट सैलच होत नाही. आणि खरी काळजी पुढे आहे, एचएसपी-९० आणि ईनॉस ही जोडी तुटली की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड सोडून सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं पेशींना घातक रूप, काढायला लागतं, म्हणजे जे वाहिनीला जपत होतं तेच तिला इजा करतं. यावर प्लीज एक वेगळा लेख लिहाच.