स्पिटफायरची मागची चाकं, हेराल्डचं डिफरन्शियल: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दोन स्टार देऊन लिहिलंय की आम्ही आपल्या 1968 च्या ट्रायम्फ स्पिटफायरची वाट लावली. मागची चाकं आत वळली, पिकअप गेला, इंग्लंडहून मागवलेला पाटा (मागची पोलादी पानांची स्प्रिंग) बसवून दिला नाही, बिलात एक ओळ फुगवली, आणि तीन आठवडे सांगून अख्खा पावसाळा गाडी अडकवली. इथे जुन्या गाड्यांचे शौकीन वाचत असतात, म्हणून फोनवर बोललो तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी आपण टाकलेला चाकांचा फोटो. त्यात मागच्या चाकाशेजारी जॅकचं हँडल दिसतंय, म्हणजे गाडी नुकतीच खाली घेतली होती. या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे. चाक हाफशाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, ताठ जोडलेलं, आणि सगळी हालचाल डिफरन्शियलजवळच्या (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) एका क्रॉसवर, म्हणजे वाकणाऱ्या सांध्यावर. गाडी उचलली की शाफ्ट खाली लोंबतो आणि चाकाचा तळ आत ओढला जातो. खाली ठेवल्यावर टायर रस्ता धरून बसतो, त्यामुळे चाकं लगेच बाहेर सरकत नाहीत. गाडी थोडी पुढेमागे ढकला आणि मग फोटो काढा. आम्ही गाडी चाकांवर उभी करून, दोन्ही सीटवर वाळूची पोती ठेवून मगच बुशांचे (सांध्यांतल्या रबरी कड्यांचे) बोल्ट शेवटचे आवळले होते. आम्ही बसवलेला पाटा (आपण आणलेला नव्हे, आधीच्याच पद्धतीचा) नवा असल्यामुळे मागची उंची अजून थोडी जास्त आहे, चालवाल तशी ती बसेल.

आता पिकअप. गाडी आली तेव्हाची आपली तक्रार होती की सी लिंकवर मागून रडल्यासारखा आवाज येतो आणि सिग्नलवरून सुटताना ‘ठक’ होतं. उघडल्यावर आत स्टँडर्ड हेराल्डचं डिफरन्शियल निघालं. नवल काही नाही. हेराल्ड ही गाडी मद्रासला बनायची, आणि स्पिटफायरची चासी मुळात हेराल्डच्याच चासीवरून आखलेली. स्पिटफायरचा माल मिळेना की हेराल्डचा लावायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण दातांची मोजणी आपल्यासमोरच केली होती: क्राउनला (मोठं चक्र) 39, पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं चक्र) 8, म्हणजे मोठ्याच्या एका फेऱ्याला छोट्याचे 4.875 फेरे. आपल्या मार्क 3 ला (स्पिटफायरची तिसरी आवृत्ती) कंपनीचं 4.11 येतं, 37 ला 9, आणि आता बसवलंय ते तेच. आधीच्या डिफरन्शियलवर इंजिन त्याच वेगाला साधारण एकोणीस टक्के जास्त फिरायचं. सिग्नलवरून गाडी उडी मारायची ती त्यामुळे, आणि हायवेला किंचाळायचीही त्यामुळेच. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. म्हणजे काटा 95 वर असायचा तेव्हा गाडी खरी 80 ला असायची! आज काट्यावर आकडा कमी दिसतो, पण गाडी तेवढीच पळते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये घड्याळ लावून मोजून बघा.

आणि ती ‘ठक’? मागच्या माउंटिंगचे रबरी बुश ऑइल पिऊन मऊ झाले होते. पुढच्या माउंटिंगवर तर कुणीतरी एकाच बाजूला तीन वॉशर भरून भोक कानशीने लांबट केलं होतं. डिफरन्शियलचं नाक तिरकं, म्हणून प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) तिरका. ते भोक भरून सरळ करून घेतलं. नव्या डिफरन्शियलचा फ्लँज (जोडाची चकती) मोठ्या मापाचा निघाला, म्हणून शाफ्टच्या टोकाचा योक बदलून बॅलन्सिंगही करावं लागलं. बिलातली ‘फुगवलेली’ ओळ ती हीच.

पाट्याबद्दल मात्र माझं मत आजही तेच आहे. आपण आणलेला पाटा 1970 नंतरच्या मार्क 4 चा, स्विंग स्प्रिंग. त्यात एकच पान डिफरन्शियलवर घट्ट बसतं, बाकीची डब्यात डोलतात. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडायचं, ते याने बरंच कमी होतं, हे खरं. पण याने गाडीचा मागचा कडकपणाही कमी होतो, म्हणून कंपनीने त्याच्याबरोबर पुढचा अँटी-रोल बार (गाडी कलण्याला आवर घालणारी सळई) जाड केला. स्टडही (पाटा धरणारे बोल्ट) वेगळे लागतात. बार बदलायला आपण नको म्हणालात. नुसता पाटा लावला असता तर घाटात गाडी होडीसारखी कलली असती, आणि ती गाडी माझ्या गॅरेजमधून बाहेर पडली असती. तसलं काम मी करत नाही.

वेळेचं म्हणाल तर तीन आठवडे बुश आणि शॉकॲब्जॉर्बरचे सांगितले होते. डिफरन्शियल त्यात नव्हतं, ते उघडल्यावर आपल्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारलं आणि आपला होकार आला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, क्राउन एका जोडीचं आणि पिनियन दुसऱ्या जोडीचं मिळत होतं. ती दोन्ही एकत्र घासून जुळवलेली असतात, अशी बेजोड लावली की महिन्याभरात रडायला लागतात. म्हणून बाहेरून मागवलं, आणि पार्सल कस्टममध्ये पडून राहिलं. मागचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तर टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, इतके धरले होते की पुलर ताणून रात्रभर ठेवला, तेव्हा सकाळी फटाका वाजावा तसे सुटले.

जुनं हेराल्डचं डिफरन्शियल आणि आपला पाटा, दोन्ही गॅरेजमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलंय, केव्हाही घेऊन जा. जाड बार मिळाला तर पाटाही बसवून देतो, मजुरी आधी लेखी सांगेन. आणि हजार किलोमीटर झाले की डिफरन्शियलचं ऑइल बदलायला या, नव्या जोडीचा चुरा त्यात उतरलेला असतो.