पांढरीला जेसीबी लावण्याआधी एकदा थांबा

परवा गावी गेलो होतो. शिरूर तालुका, घोड नदीच्या काठची जमीन. शेजारच्या रानात लेव्हलिंग चालू होतं, जेसीबीवाला चहाला गेलेला आणि मशीन तसंच उभं, म्हणून मी सहज कापलेल्या कडेपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिथनं पाय निघेना. पुरुषभर उंच कड. वर नांगरटीची माती, खाली राखेचा करडा पट्टा, त्याखाली भाजलेल्या मातीचा तांबडा थर, त्याच्याही खाली चोपून सारवल्यासारखी टणक पिवळी जमीन, आणि त्या जमिनीत वाटीसारखा उतरलेला एक काळा गोल. खांबाचा खड्डा असणार तो. लाकूड कुजून जातं, जागेवर वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते, आणि घर पडून हजारो वर्षं झाली तरी खांब कुठं होता ते कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो तर ती आख्खी कड सपाट. रात्रीत ट्रॉल्या भरून गेल्या.

आपल्याकडं काळी आणि पांढरी हे लहान पोराला पण माहीत असतं. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, गोठे झाले, त्या सगळ्याची ती राखाडी माती, आणि ती खताला चांगली म्हणून आपणच पिढ्यान्‌पिढ्या उपसत आलो. आमच्या आजोबांनी पण कांद्याला पांढरी टाकलीय, बैलगाडीनं. पण गाडीनं नेणं वेगळं आणि पोकलेन लावून आख्खं टेकाडच नेणं वेगळं, हे आता डोळ्यांनी बघतोय म्हणून लिहितोय.

आमच्याच तालुक्यात, ह्याच घोड नदीवर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपासची शेतकऱ्यांची वस्ती, म्हणजे आपलेच पूर्वज म्हणा ना! शंभराहून जास्त घरं मिळाली. रांगेत बांधलेली, दोन घरांच्या मध्ये साधारण दीड मीटर जागा सोडलेली, म्हणजे बोळच. वस्तीला बंदोबस्त म्हणून दगडमातीची भिंत आणि खंदक. नदीचं पुराचं पाणी वळवायला पाट खणलेला. मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, त्याला धान्याचं कोठार, आणि त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत माणूस पुरलेला. जव, गहू, मसूर, कुळीथ खायचे, बोरं-जांभळं खायचे. लहान लेकरू गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात घालून घरातल्या जमिनीतच पुरायचे. हे वाचताना दरवेळी पोटात कालवतं. लेकरू घराबाहेर ठेवायला मन झालं नसेल त्या आईचं.

आता हे सगळं कळलं कशावरनं? एकही अक्षर लिहिलेलं नाही. फक्त मातीत काय कशाच्या शेजारी होतं, काय वर, काय खाली, एवढ्यावरनं. माझं म्हणणं तेवढंच आहे, की किंमत मडक्याला नाही, मडकं जिथं होतं त्या जागेला आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले, साठ किलोच्या वर वजन, आख्ख्या देशात त्याला तोड नाही. पण ते शास्त्रीय उत्खननात थरातनं निघाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल जाणकारांत वाद आहे. एवढी मोठी वस्तू असून ही गत, तर आपल्या खापरांचं काय.

खापर म्हणाल तर आमच्या रानात अजून मिळतात. तांबूस, पातळ, वर काळ्या रंगाच्या बारीक तिरप्या रेघा. नखानं टिचकी मारली की खणकन वाजतं, साधं मडकं असं वाजत नाही. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरनं इनामगावच्याच काळातल्या ज्या भांड्यांना नाव पडलं, तसलंच दिसतं.

आणि खणायलाच पाहिजे असं पण नाही. पुरलेल्या खंदकावर ओल टिकते, तिथं पीक जास्त दिवस हिरवं राहतं. खाली भिंत असेल तर तेवढा पट्टा आधी पिवळा पडतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडला कडक दुष्काळ पडला तेव्हा बॉइन नदीकाठच्या शेतात ड्रोनमधनं आख्खं गोल रिंगण असंच पिकात उमटलेलं दिसलं होतं, हजारो वर्षांपूर्वीचं. आपल्याकडं आता फवारणीला ड्रोन गावोगाव आलेत, आणि "त्या पट्ट्यात हरभरा आधी सुकतो" हे तर प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतं. हे विचारायला कोणी बांधावर येतच नाही.

शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. तो गप्प का बसतो? काही निघालं की जमीन सरकारजमा होईल ही भीती. नाहीतर गुप्तधनाची आवई उठते आणि रात्री कुदळी घेऊन लोक येतात. खरं तर १८७८ चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा सांगतो, की दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. कळवलं म्हणून रान जात नाही. पण हे गावात कोण सांगतं? मी स्वतः एका कचेरीत फोटो घेऊन गेलो तर अर्ज कुठल्या टेबलाला द्यायचा हेच कुणाला माहीत नव्हतं, दोन तास बसून परत आलो. लेव्हलिंग होतं उन्हाळ्यात. चैत्रात गावोगावी एक माणूस पाठवा, ग्रामसभेत बोला, थोडं रान राखलं तर पिकाची भरपाई द्या. एवढं केलं तरी लोक स्वतःहून दाखवतील.

तोवर आपण आपलं करू. ह्या उन्हाळ्यात कुणाच्या पांढरीला मशीन लागणार असेल तर कापलेल्या कडेचा फोटो काढा, शेजारी फावडं उभं करा म्हणजे उंची कळेल, लोकेशन चालू ठेवा. मडकं दिसलं तर उपसू नका, धुऊ नका, आतली माती तशीच राहू द्या. आणि मला पाठवा. शेजारच्यांचं उरलेलं अर्धं टेकाड पुढच्या आठवड्यात कापायचं ठरलंय, त्यांच्याशी आज संध्याकाळी बोलायला जातोय.